रंजना, तुझी फाइल मी उघडली नाही

रंजना, तुझ्या आजाराचे सगळे रिपोर्ट सुरुवातीपासून माझ्याच खोलीत होते.

आपल्या पेणच्या केंद्रात तुझं रक्त घेतलं, सोनोग्राफी झाली, मग पुढच्या तपासण्या झाल्या, आणि दर वेळी ते सगळं इंटरनेटच्या लाइनवरून रोह्याला आलं, आपल्या हॉस्पिटलच्या सर्व्हरवर. त्या खोलीची किल्ली माझ्या पर्समध्ये असते. रोज सकाळी चहाच्याही आधी मी आदल्या दिवसाचा बॅकअप नीट झालाय का ते बघते. ही सवय तूच लावलेली. म्हणजे इतके महिने रोज सकाळी मी तुझा आजार जपून ठेवत होते, एक प्रत रोह्यात आणि एक बाहेर, आणि मला त्यातलं काही माहीत नव्हतं.

तुझं बारावं होऊन गेलं. अजून लोक विचारतात, "वीणा, तुला तरी माहीत असेल ना? तुम्ही दोघी रोज बोलायचात." रोज बोलायचो हे खरं. पण काय बोलायचो? पेणची लाइन आली का, ओपीडीचा प्रिंटर आज का रुसलाय, लॅबमधल्या कॉम्प्युटरला कोणी हात लावला. तू पेणला आणि मी रोह्याला. दोन ठिकाणची यंत्रं चालती ठेवणाऱ्या आपण दोघी, आणि मधे नागोठण्यापासून वडखळपर्यंत सतत खणला जाणारा तो रस्ता.

काल ऑफिसचा मेल आला. श्रीमती रंजना म्हात्रे यांचं खातं बंद करण्यात यावं. कोणी नोकरी सोडून गेलं की त्याच दिवशी त्याचं खातं बंद करायचं हा तुझाच दंडक, आणि त्याला जोडलेलं दुसरं वाक्यही तुझंच. "बंद करायचं, पुसायचं नाय. पुसलेलं परत येत नाय गो. उद्या कोणाला त्याचं काय लागलं तर?" कितीतरी डॉक्टर, नर्सेस, क्लार्क आले नि गेले, त्यांची खाती मी अशीच बंद केली, हात कधी थांबला नाही. काल तुझ्या नावावर जाऊन बसले आणि दुसरी कामं काढत राहिले. दुपारी जेवून आल्यावर केलं एकदाचं. स्क्रीनवर नाव फिकं झालं, बाकी काही नाही. मग खिडकीशी जाऊन उभी राहिले. अष्टमी गावाकडच्या पुलावरून नेहमीसारख्या रिक्षा चालल्या होत्या.

मी इथे लागले तेव्हा तू या दोन्ही ठिकाणी एकटी होतीस. मी रोह्याची, मास्तरांच्या घरातली, पुण्यात शिकून तिथे थोडी नोकरी करून परत आलेली. तू धरमतरच्या खाडीकाठची, मिठागरवाल्यांची मुलगी, अलिबागला डिप्लोमा केलेली. पहिल्याच आठवड्यात नोंदणीच्या खिडकीवरचे कॉम्प्युटर बंद पडले. बाहेर पेशंटची रांग, आणि मी घामाघूम होऊन सेटिंगमध्ये काय काय उघडून बघतेय. शेवटी तुला फोन केला.

"आधी खाली वाक," तू म्हणालीस.

"काय?"

"टेबलाखाली वाक गो. वायर बघ."

झाडणाऱ्या मावशींचा झाडू लागून वायर अर्धी निसटली होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तू फोनवर इतकी हसलीस, आणि मग म्हणालीस, "माझा पयला दिवस असाच गेलता. मी तर आख्खा दिवस घालवला, आणि मुंबईहून माणूस बोलावला. तू निदान फोन केलास." त्या हसण्यानं मला इथे रुजवलं. नाहीतर मी महिन्याभरात पुण्याला परत गेले असते.

तुझ्याकडून मी जे शिकले ते सगळं असं फोनवर, अधूनमधून, कामाच्या ओघात. एका वेळी एकच गोष्ट बदल, दोन बदलल्यास आणि सुरू झालं तर कशानं झालं ते कधी कळायचं नाय. कालपर्यंत चालत होतं ना, मग काल आणि आजच्या मधे काय झालं ते विचार. हे विचारलं की हमखास काहीतरी निघायचंच. भिंतीला रंग दिला, कपाट सरकवलं, कोणीतरी पंखा त्या प्लगला लावला. शनिवारी दुपारनंतर चालत्या यंत्राला हात लावायचा नाही. वायरीच्या दोन्ही टोकांना नाव चिकटवायचं, एकाच टोकाला चिकटवून उपयोग नाही. पेणला खारी हवा, वायरीची टोकं हिरवी पडायची, तर तू टोकं कापून नवी बसवायचीस आणि जुन्या टोकाचा फोटो मला व्हॉट्सअॅपवर पाठवायचीस, खाली लिहून, "बघ याचे दात." आणि कोणाच्या हातून काही बिघडलं तर ओरडायचं नाही. "आज ओरडलीस तर उद्या तो लपवील. आपल्याला कळलं पायजे ना?"

बॅकअपवरून तर तू माझा जीव खाल्लास. बॅकअप घेतला की झालं असं मला वाटायचं. तू म्हणायचीस, तो परत आणून बघितलास काय? भाताचा डबा भरलाय म्हणून घरातून निघालीस, आणि जेवायला बसल्यावर डबा रिकामा निघाला तर? नागोठण्याला अंबा नदीचं पाणी चढलं, लाइन गेली, आणि लाइन आल्यावर पेणच्या नोंदी गोंधळल्या, तेव्हा तुझ्या त्या हट्टामुळेच आपण दुपारपर्यंत सगळं उभं केलं. तुझं कौतुक करायला साहेबांचा फोन आला तर तू म्हणालीस, "वीणानं केलं, मी नुसती बसलेले." खोटं होतं ते. निम्मं तरी खोटं होतं.

पण आज मला लिहायचंय ते वेगळ्याच गोष्टीबद्दल. आपलं ते भांडण, रंजना. ते मिटलंच नाही.

लता आठवते ना? वॉर्डात काम करायची. तिच्या रजा वाढल्या, आणि तेव्हाच्या प्रशासक साहेबांच्या मनात आलं की हिला काहीतरी मोठा आजार आहे नि ही लपवतेय. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "मॅडम, तुम्हाला सगळं दिसतं ना? तिचे रिपोर्ट जरा काढून द्या. आपल्यातच राहील." मी हो म्हटलं नाही, नाही पण म्हटलं नाही. बाहेर येऊन तुला फोन केला. तू दुपारच्या एसटीनं आलीस. तुझी साडी घामानं भिजली होती, हातात पाण्याची बाटली होती. सरळ केबिनमध्ये गेलीस, मी तुझ्या मागे.

"साहेब, तुम्ही रिपोर्ट मागितलेत."

"हो. तुम्हाला दिसतात म्हणून मागितले."

"दिसतात," तू म्हणालीस. "पण आम्ही बघत नाय."

ते रागावले. तुम्ही कोणाचा पगार घेता वगैरे बोलले. तू शांतपणे म्हणालीस की लताच्या डॉक्टरांना विचारा, लताला विचारा, ती सांगेल तर सांगेल. आमच्या हातात किल्ली दिलीय ती दार नीट लागतंय का ते बघायला.  बाहेर आल्यावर तुझ्याच बाटलीचं झाकण तुला उघडेना, ते मी उघडून दिलं.

त्यानंतर तू व्यवस्था केलीस की कोणीही, कोणाचीही फाइल उघडली तर त्याचं नाव नोंदलं जाईल. त्यात पहिली दोन नावं तुझं आणि माझं. मी चिडले. "आपली कशाला? आपणच तर सांभाळतो." तू म्हणालीस, "आपलीच आधी."

साहेबांना नकार दिला त्या संध्याकाळी कुंडलिका नदीच्या काठावर आपण बसलो होतो, तुझी गाडी यायला वेळ होता. मी तुला विचारलं, समज माझ्या ओळखीच्या बाईचा रिपोर्ट वाईट आलाय, आणि ती तो न्यायलाच आली नाही. मी उघडून बघितलं नाही तर तिला कोण सांगणार? तू म्हणालीस, जे न्यायला येत नायत त्यांना फोन करायला माणूस ठेवा, म्हणून सायबांना सांग. तो इलाज हाय. तू उघडणं हा इलाज नाय.

"आणि त्या माणसानंही फोन केला नाही तर?"

तू पिशवी उचललीस. "तर..." म्हणालीस, आणि तेवढ्यात एसटी आली. पुढे खरंच एका सिस्टरवर ते काम सोपवलं गेलं, तुझ्या सांगण्यावरून. पण माझ्या प्रश्नाचं उत्तर राहूनच गेलं. त्यावरून आपण नंतर कितीदा वाद घातला! तू म्हणायचीस, वीणे, तू डॉक्टर झालीस काय गो? मी म्हणायचे, तू दगड झालीस. दोघी हसायचो आणि पुन्हा प्रिंटरवर यायचो.

मग या वर्षी तू बदललीस.

तू मला घाईनं शिकवायला लागलीस. आधी पेणचं काही अडलं तर तू करायचीस, मी ऐकायचे. आता म्हणायचीस, "तू कर, मी नुसती बघते." रोह्यातून पेणची यंत्रं कशी सांभाळायची, लाइन तोडणाऱ्या खोदकामवाल्यांचा मुकादम कोण, यूपीएसच्या बॅटऱ्या कोण बदलतो, सगळं माझ्याकडून दोन-दोनदा करून घेतलंस. मी चुकले की पूर्वी हसायचीस, आता वैतागायचीस. "माझ्यावर नको गो अवलंबून राहू." फोनवर मधेच दम खायचीस. विचारलं तर म्हणायचीस, ऊन लागलंय.

मला वाटलं तू पनवेलला नाहीतर नवी मुंबईला मोठी नोकरी धरलीस. पेणहून रोज जाणारे कितीतरी आहेत. मला वाईट वाटलं ते तू जातेस याचं नाही, मला सांगत नाहीस याचं. एक दिवस न राहवून विचारलं.

"तू सोडून जाणार आहेस ना?"

तू आधी पेणच्या प्रिंटरचं काहीतरी सांगितलंस. मग म्हणालीस, "व्हय. जायचंय."

"कुठे?"

"ते अजून ठरलं नाय."

रंजना, मी फोन ठेवला. त्यानंतर मी तुझ्याशी कामापुरतंच बोलले. तू हसवायला बघायचीस, मी "बरं" म्हणायचे. तुझ्या वाट्याला राहिलेल्या थोड्या दिवसांतले काही आपण असे घालवले. कोणी कोणाला दोष द्यावा असं त्यात काही नाही, हे मला कळतं. पण ते दिवस मी अजून मोजते.

आणि मग तो दिवस. रेकॉर्डच्या खिडकीवरून फोन आला, प्रिंट निघत नाहीत. मी खाली गेले. रांगेत तुझा नवरा, दिनेश, उभा होता. कंपनीच्या शिफ्टवरून थेट आलेला, अंगावर तोच निळा शर्ट, दाढी वाढलेली. मला वाटलं त्याच्या कोणा नातेवाइकाचं काही असेल. प्रिंटरमध्ये कागद अडकला होता. तो काढला, आणि मागे तुंबलेली पानं एकेक बाहेर पडायला लागली. वरच्या पानावर तुझं नाव होतं.

मी ते पान तसंच पालथं केलं. त्यावर बाकीची पानं येत गेली, तीही पालथी. सगळा गठ्ठा दिनेशच्या हातात दिला. त्यानं माझ्याकडे बघितलं.

"ताई, तिनं तुम्हाला पण नाय सांगितलं?"

आम्ही बाहेर बाकावर बसलो. त्यानं सांगितलं. स्वादुपिंडाचा कॅन्सर, पसरलेला. मुंबईला एकदा नेऊन आणलंय, पुन्हा न्यायचंय, तिथले डॉक्टर जुने रिपोर्ट मागतायत. डोळे पिवळे पडलेत म्हणून घरी सगळ्यांना कावीळ सांगितलीय. तुझ्या आईलाही. "तिला झेपायचं नाय म्हणते. मला शपथ घातलीय." बोलता बोलता त्यानं गठ्ठा छातीशी धरला होता, लहान मूल धरावं तसा.

मुंबईहून तुला परत आणलं ते कायमचंच. दिनेशच्या शिफ्ट होत्या म्हणून तू आईकडे गावी होतीस. मी आले तेव्हा तू पडवीत खाटेवर पडली होतीस. इतकी बारीक झालेलीस की मी आधी तुला शोधलं. बाहेर खाडीकाठच्या खाजणात बगळे उतरले होते. पलीकडे मालवाहू बार्जचा भोंगा वाजला. तू डोळे उघडलेस आणि काय विचारलंस? "बॅकअप परत आणून बघितलास का या महिन्यात?"

"बघितला," मी म्हटलं, आणि रडायला लागले.

"मग रडतेस कशाला? बरोबर नाय आला?"

तशातही तू हसवलंस मला. मग मी विचारलं, का नाही सांगितलंस? सगळं माझ्याकडेच तर होतं. तू म्हणालीस, "म्हणून तर निवांत होते. दुसरं कोण असतं तर कवाच बोंब झाली असती." मग म्हणालीस, "घरी जो तो तोंडाकडे बघतो. दिनेश बघतो, शेजारीण बघते. तुझा फोन आला की तू विचारायचीस, लाइन आली का? मना बरं वाटायचं. तेवढा वेळ मी आजारी नव्हते."

मला तेव्हाही कळलं नाही आणि आजही कळत नाही, रंजना, की हे तू मला दिलंस का माझ्याकडून काढून घेतलंस. तुझ्या आजारात मला तुझा हात धरता आला असता. तू मला प्रिंटर धरायला लावलास.

मग तू सांगितलंस की तू अधूनमधून तपासायचीस, तुझी फाइल कोणी उघडली. "डॉक्टर, लॅब, पुन्हा डॉक्टर. तुझं नाव एकदा पण नाय." हे सांगताना तुझ्या पिवळ्या डोळ्यांत काय होतं! माझ्या आईनं माझं इतकं कौतुक कधी केलं नसेल.

पण ते कौतुक मला घेववेना. मी म्हटलं, "अगं, मला माहीतच नव्हतं. म्हणून नाही उघडली. त्यात माझं काय मोठेपण? माहीत असतं तर..."

"तर?" तू विचारलंस. "उघडली असतीस?"

मी काही बोलायच्या आत तुझी आई पेजेचा वाडगा घेऊन आली. "बोलू नको गो जास्त," तुला म्हणाली, आणि मला म्हणाली, "कावीळ उतरली की बघ कशी धावल ती." तू माझ्याकडे बघून मान अगदी थोडी हलवलीस, गप्प राहा म्हणून. मी गप्प राहिले. दोन घास पेज तुझ्या पोटात गेली. मी निघाले तेव्हा तुझा डोळा लागला होता. पुढच्या वेळी मी आले ते तुला पोचवायला.

बाराव्याला तुझ्या आईनं मला मागच्या दारी नेलं. अळवाच्या वाफ्यापाशी उभी राहिली. मग माझा दंड घट्ट धरला.

"तुज्याकडं तिचे सगले कागद हायत ना गो?"

मी हो म्हटलं.

"मग मना एक सांग. मी तिला काविलीचा पाला दिलता. रस काढून. सकाली उपाशीपोटी. ती नको बोलायची, मी जबरीनं पाजलाय तिला. त्यानं गेली काय ती?"

मी तिच्या हातावर माझा हात ठेवला.

"दिनेश बोलतो, तसा काय नाय, मोठा आजार व्हता. पण तो मना बरं वाटावा म्हणून बोलत असल. सगली तेच करतान. तू कागद बघ, आनि खरा काय ता सांग."

रंजना, दुसऱ्या दिवशी मी सर्व्हरच्या खोलीत बसले. आता मला माहीत होतं. आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर द्यायची वेळ होती, आणि तू ते ऐकायला नव्हतीस. तुझं नाव टाकायचं, एक बटण दाबायचं, आणि त्या माउलीला फोन करून सांगायचं की नाही हो, तुमच्या रसानं नाही. एवढंच तर काम होतं. ती रडून रडून अर्धी झालेली, पाण्याचा तांब्या उचलला की तिला तो रस आठवतो. नियम कोणासाठी असतात? तू असतीस तर तुझ्याशी कडाकडा भांडले असते. मी तुझं नाव टाइप करेपर्यंत गेले होते.

मग मला वाटलं, मी उघडलं तरी मला त्यातलं काय कळणार आहे? आकडे कळतील. त्या रसाचं काय ते कसं कळणार? मी चाचपडून काहीतरी सांगेन, आणि तिला वाटेल, ही पण बरं वाटावं म्हणूनच बोलते. तिला सांगायला असा माणूस हवा ज्याला ती उलट विचारू शकेल. यात तुझा नियम किती आणि माझी भीती किती, ते मला ठरवता येत नाही. मी टाइप केलेलं पुसलं आणि दिनेशला फोन केला.

त्यानं रजा काढली. दोघं एसटीनं रोह्याला आले. तुझी आई इरकलीसारख्या काठाचं लुगडं नेसून आली होती, लग्नाला जावं तशी नीट. तुझे रिपोर्ट बघणाऱ्या आपल्या मोठ्या डॉक्टरांना मी आधी भेटून ठेवलं होतं. दिनेशनं अर्ज दिला, डॉक्टरांनी फाइल त्यांच्या समोर उघडली. तुझ्या आईनं माझा हात धरला होता. "तू पण चल आत."

"आई, मी इथेच बसते," मी म्हटलं. "तुम्ही विचारा त्यांना. मनात असेल ते सगळं विचारा. घाई करायची नाही."

माझा हात सोडून ती आत गेली. दार लागलं.

मी बाहेर बाकावर बसले. आतून मधूनच तिचा चढलेला आवाज यायचा, मग डॉक्टरांचा हळू. एकदा ती म्हणाली, "पन मी जबरीनं पाजला ना," आणि मग कितीतरी वेळ नुसते डॉक्टरच बोलत होते. ओपीडीतून कोणीतरी मला शोधत आलं, कॉम्प्युटर अडलाय म्हणून. मी म्हटलं, थोडं थांबायला सांगा. एरवी मी अशी कधी थांबवत नाही, तुला माहीत आहे.

दार उघडलं. दिनेश तिथेच चौकटीला टेकून राहिला. तुझी आई चालत माझ्यापर्यंत आली, माझ्या शेजारी बसली, आणि पदरानं तोंड पुसलं.

"डॉक्टर बोलला, आजार आधीच आत पसरलेला. मी पाला द्यायच्या किती आधी. मी चित्र बघितलाय. त्यानं बोट ठेवून दाखवला मना." तिनं स्वतःच्या पोटावर बोट ठेवून मला दाखवलं, इथे, म्हणून. "मी तीन डाव विचारला त्याला. तीनी डाव त्यानं तोच सांगितला."

मी तिचा हात हातात घेतला.

"माज्या रसानं नाय गेली ती."

"नाही, आई."

 इतके दिवस ती रडत होती ते त्या रसासाठी, स्वतःच्या हातांसाठी. आता त्या हातांवरचा आळ गेला, आणि तिच्यापाशी फक्त तू उरलीस. मला ते तिच्या चेहऱ्यावर दिसलं. तिनं तुझं नाव घेतलं, रंजे म्हणून, तू शाळेतून यायला उशीर केल्यावर घेत असेल तसं. मग ती रडली. सगळ्या ओपीडीला ऐकू जाईल अशी रडली. सिस्टर धावत आल्या, मी त्यांना हातानं थांबवलं, आणि तुझ्या आईला तुझ्यासाठी रडू दिलं.